निषेधाचा स्वर आणि सत्याची कसोटी : शाहिरी व मराठी चित्रपट यांच्या अनुषंगाने एक विचार

१

लोकप्रिय गीत आणि लोकप्रिय चित्रपट यांतून राजकीय निषेधाचा स्वर उमटू लागला म्हणजे टीकाकार सामान्यतः दोहोंपैकी एका भूमिकेचा आश्रय करतात. पहिली भूमिका अशी की, हा प्रचार होय. प्रचार आणि कला यांचे मूलतः वैर असल्यामुळे त्याचा वाङ्मयीन विचार करण्याचे कारण उरत नाही. दुसरी भूमिका अशी की, ही करमणूक होय. निषेधाचा तिखटपणा तिच्यात चवीपुरता घातलेला असतो, तेव्हा तो गांभीर्याने घेणे हा भाबडेपणा आहे. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचा परिणाम एकच होतो. ज्या गीतांनी व चित्रपटांनी सहस्रावधी माणसांच्या मनात अन्यायाची जाणीव जागविली, त्यांनी सांगितले ते खरे होते की खोटे, हा प्रश्नच त्यामुळे विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास प्रथम 'सत्य' या शब्दाचा येथे कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते स्पष्ट केले पाहिजे. दोन अर्थ तत्काळ पुढे येतात. एक वस्तुसत्याचा : कलाकृतीत सांगितलेली घटना तशीच घडली काय? दुसरा कलावंताच्या प्रामाणिकपणाचा : जे सांगितले ते त्याने मनापासून सांगितले काय? मराठी समीक्षेत या दुसऱ्या अर्थाला विशेष प्रतिष्ठा लाभली आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) या पुस्तकात आत्मनिष्ठेचा जो निकष पुढे मांडला, त्याचा ठसा पुढील कित्येक वर्षे मराठी काव्यविचारावर राहिला. एकट्या कवीच्या एकट्या वाचकाशी होणाऱ्या संवादास हा निकष पुष्कळसा पुरतो. परंतु हजारोंच्या समुदायापुढे, त्या समुदायाच्याच वतीने, तिसऱ्याच कोणाविरुद्ध उच्चारलेल्या शब्दास तो पुरत नाही. मनापासून उच्चारलेला निषेधही खोटा असू शकतो. आणि ज्यातील प्रत्येक घटना कल्पित आहे असा निषेध खरा ठरू शकतो.

म्हणून तिसऱ्या एका निकषाची आवश्यकता भासते. निषेध हा नेहमी कोणाकडून तरी, कोणाच्या तरी वतीने, कोणाला तरी उद्देशून होत असतो. बोलणाऱ्याचे, ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचे आणि ऐकणाऱ्याचे परस्पर नाते कलाकृतीत ज्या प्रकारे उभे केलेले असते, ते नाते प्रत्यक्ष जीवनातील नात्याशी इमान राखून आहे की नाही, यावर त्या निषेधाचे खरेखोटेपण अवलंबून असते. व्याकरणात संबोधनास विभक्तींच्या यादीत शेवटचे स्थान मिळते; निषेधाच्या कलेत त्याचे स्थान पहिले आहे. या निकषास सोयीसाठी 'संबोधनाचे सत्य' असे नाव देता येईल. लोकप्रिय कलेच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व यावयाचे कारण असे की, ही कला श्रोत्यांच्या अनुमोदनावर जगते; आणि श्रोत्यांना दोषमुक्त करणे हा अनुमोदन मिळविण्याचा सर्वांत सुलभ मार्ग होय. अन्याय करणारा दुसरा कोणी, अन्याय सोसणारा मी, आणि त्याचे पारिपत्य करणारा पडद्यावरचा नायक, अशी वाटणी झाली की टाळी हुकमी मिळते. त्या टाळीने सत्याची हानी होते काय, हे पुढील उदाहरणांवरून पाहावयाचे आहे.

२

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. या पथकाने तमाशाची परंपरागत चौकट स्वीकारली, परंतु ती जशीच्या तशी ठेवली नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमातील गणात देवतास्तवनाच्या जागी मायभूमीला नमन आले; कृष्ण आणि गौळणी यांची छेडछाड गळाली; आणि वगाचा विषय राजारजवाड्यांऐवजी सावकार, शेठजी, निवडणूक आणि गिरणी हा झाला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही अण्णा भाऊंच्या वगांची नावेच त्यांच्या रोखाची साक्ष देतात. या बदलाचे वर्णन 'जुन्या बाटलीत नवा आशय' असे करण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. तमाशाच्या चौकटीत सोंगाड्याला एक खास अधिकार असतो. तो नायकाला अडवितो, श्रोत्यांची थट्टा करतो, प्रसंगी स्वतःचीही करतो. निषेधाच्या वगात हा अधिकार टिकला, म्हणजे निषेध करणाराही प्रश्नाच्या कक्षेबाहेर राहिला नाही. चौकट स्वीकारल्यामुळे शाहिरांना केवळ लोकप्रियता मिळाली असे नाही. तिच्याबरोबर एक शिस्तही आली.

संबोधनाचे सत्य म्हणजे काय, हे अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या सुप्रसिद्ध छकडीवरून उत्तम प्रकारे ध्यानी येते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गावोगाव व चाळीचाळीतून गायिली गेली. तिचा विषय राजकीय आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु तिची बांधणी राजकीय मागणीपासून सुरू होत नाही. पोटासाठी मुंबईस आलेला एक मनुष्य गावी राहिलेल्या पत्नीची आठवण काढतो, तिचे रूप वर्णितो, दारिद्र्याने केलेली ताटातूट सांगतो. मग मुंबई येते. आणि त्यानंतर भाषिक राज्याचा लढा व राज्याबाहेर राहणारा सीमाभाग यांचा उल्लेख येतो. मैनेचा विरह आणि प्रदेशाचा विरह यांत येथे जे साम्य कल्पिले आहे, ते अलंकार म्हणून चिकटविलेले नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगाराचे कुटुंब बहुधा कोकणात वा घाटावर असे. तो स्वतः सहा-आठ जणांबरोबर एका खोलीत राहत असे. ज्या दारिद्र्याने त्याची पत्नी गावी ठेवली, त्याच आर्थिक व्यवस्थेत मुंबई कोणाची हा वाद निर्माण झाला होता. श्रोत्याला राजकीय सत्य पटवून देण्याची गरज कवीस भासत नाही. श्रोता ते जगतच असतो. कवी त्याच्या जगण्यातील दोन दुःखांचा सांधा तेवढा दाखवितो.

येथे श्रोता हा परीक्षकही असतो, ही गोष्ट महत्त्वाची. वाटेगावहून आलेला आणि मुंबईत अंगमेहनतीची कामे केलेला शाहीर कामगारांपुढे उभा राहून कामगाराच्या विरहाविषयी खोटे गाऊ शकत नाही. समोरचा माणूस ते तत्क्षणी ओळखील. शाहिरीतील सत्यास ही जी हजर असलेली जामीनकी होती, ती पुढे चित्रपटास मिळाली नाही. तथापि शाहिरीचे हे संबोधन सर्वस्वी निर्दोष होते असेही म्हणता येत नाही. लढ्यासाठी जो एक विशाल 'आम्ही' घडविणे आवश्यक होते, त्यात जातीजातींमधील अंतर काही काळ झाकले गेले. स्वतः मातंग समाजात जन्मलेल्या अण्णा भाऊंना हे अंतर अज्ञात असणे शक्य नव्हते. 'फकिरा' (१९५९) या कादंबरीत त्यांनी ते उघडही केले. परंतु चौकातील गीताला जे साधले ते ऐक्य, आणि कादंबरीला जे साधले ते त्या ऐक्यातील भेगांचे दर्शन. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. शंभराहून अधिक माणसांनी त्यासाठी प्राण वेचले होते. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिले. छकडीतील विरह त्यामुळे संपला नाही. विजयगीत म्हणून ती गायिली जाते तेव्हाही तिच्यातील अपुरेपणाचा सूर ऐकू येतो. आणि ती खरी वाटण्याचे ते एक कारण आहे.

३

चित्रपटात श्रोता आणि वक्ता यांची ताटातूट होते. प्रेक्षक अंधारात असतो. त्याने हरकत घेतली तरी पडद्यावरील माणसास ती ऐकू जात नाही. शाहिरास जो परीक्षक समोर आयता मिळत होता, तो चित्रपटकर्त्याला कथेच्या आतच निर्माण करावा लागतो. तो निर्माण होतो की नाही, आणि झाल्यास त्याचे प्रेक्षकाशी नाते काय, यावरून चित्रपटीय निषेधाचे मोल ठरविता येते. या दृष्टीने १९७५ हे वर्ष लक्षणीय आहे. ज्या वर्षी जूनमध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली, त्याच वर्षी हिंदीत यश चोप्रा यांचा 'दीवार' आणि मराठीत जब्बार पटेल यांचा 'सामना' असे दोन चित्रपट आले.

सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या 'दीवार'चा आरंभ खाणकामगारांच्या लढ्याने होतो. मालक पुढाऱ्याच्या कुटुंबास ओलीस धरून त्याच्याकडून सही घेतो. कामगार त्यास विश्वासघातकी ठरवितात. आणि बापाच्या कलंकाची अक्षरे मुलाच्या हातावर गोंदविली जातात. पुढे हाच मुलगा गोदीत हमाल होतो, हप्ता देण्याचे नाकारतो आणि गुंडांच्या टोळीस एकटाच भिडतो. या प्रसंगातील आवेश खोटा नाही. त्या दशकातील बेकार व अपमानित तरुणांनी त्यात स्वतःस पाहिले, हे त्या चित्रपटाच्या अफाट लोकप्रियतेवरून दिसते. परंतु चित्रपटाच्या ओघात निषेधाचे काय होते, ते पाहिले पाहिजे. खाणकामगारांचा प्रश्न पहिल्या काही प्रसंगांनंतर पुन्हा येत नाही. ज्यांनी पुढाऱ्यास कलंकित केले ते कामगार व त्यांची अपुरी मजुरी दोन्ही विस्मृत होतात. उरतो तो दोन भाऊ व एक आई यांचा कौटुंबिक संघर्ष. नायकाच्या मृत्यूने न्याय होतो तो आईच्या दृष्टीने; कामगाराच्या दृष्टीने काहीच झालेले नसते. प्रेक्षक क्षुब्ध होऊन येतो आणि अश्रूंनी शांत होऊन परततो. भावना खरी, परंतु संबोधन अर्ध्या वाटेत बदललेले, अशी ही स्थिती आहे.

विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला 'सामना' बाह्यतः याहून फार लहान गोष्ट सांगतो. साखर कारखान्याच्या बळावर परिसरावर हुकमत गाजविणारा हिंदुराव धोंडे पाटील, आणि त्याच्या गावी येऊन पडलेला एक मद्यासक्त, भटका मास्तर, एवढी ही दोन माणसे. मारुती कांबळे नावाचा एक मनुष्य गावातून नाहीसा झालेला आहे. मास्तर त्याच्याविषयी विचारू लागतो आणि विचारतच राहतो. निळू फुले यांचा हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा मास्तर यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते प्रश्न विचारणाऱ्याचे स्थान. मास्तर हा हिंदुरावाचा आश्रित आहे. तो त्याच्या वाड्यात राहतो, त्याचे अन्न खातो, त्याचीच दारू पितो. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई त्याच्या गाठीशी आहे. परंतु ती तो केव्हाच खर्चून बसला आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्यालाच प्रश्न विचारण्याची ही अवघड अवस्था मास्तरापुरती मर्यादित नाही. सहकारी कारखान्याने आणलेले रस्ते, शाळा आणि रोजगार यांचा लाभ घेणारा, आणि त्या समृद्धीखाली काय पुरले गेले हे न विचारणारा प्रेक्षक याच अवस्थेत होता. हिंदुरावही केवळ खलपुरुष म्हणून रंगविलेला नाही. त्याने परिसराचा कायापालट केला आहे हे चित्रपट नाकारीत नाही. त्यामुळे प्रेक्षकास टाळी वाजवून मोकळे होता येत नाही. 'सामना'तील मारुती कांबळे कल्पित आहे. वस्तुसत्याच्या निकषावर येथे तपासण्यासारखे काही नाही. परंतु प्रश्न, प्रश्नकर्ता आणि ज्याच्यापुढे प्रश्न विचारला जातो तो प्रेक्षक यांचे नाते अचूक आहे. त्या अचूकपणातच या चित्रपटाचे सत्य आहे.

चार वर्षांनी, १९७९ मध्ये, पटेल व तेंडुलकर यांनीच 'सिंहासन' निर्माण केला. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे. मुख्यमंत्री, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेला अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, आणि या सर्वांत वावरणारा पत्रकार दिगू टिपणीस असा हा विस्तृत पट आहे. सत्ताकारणाच्या यंत्रणेचे चित्रण म्हणून तो 'सामना'पेक्षा अधिक माहितीपूर्ण आहे. तथापि संबोधनाच्या निकषावर तो 'सामना'च्या बरोबरीस येत नाही, असे म्हणावे लागते. दिगू सर्व काही जाणतो. पण त्याला काही गमवावे लागत नाही, कारण त्याने विचारलेलेही फारसे काही नसते. अखेरीस त्याचे भान हरपते आणि तो रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. प्रेक्षक दिगूच्या जागी स्वतःस ठेवतो, आणि त्याच्या वेडात स्वतःच्या निष्क्रियतेचे समर्थन शोधतो. टाळीप्रमाणे हताशाही प्रेक्षकास दोषमुक्त करू शकते, हे येथे ध्यानात येते. म्हणून कटू शेवट म्हणजे खरा शेवट, असे समीकरण मांडता येणार नाही.

'सिंहासन'मधील सुरेश भट यांचे गीत, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले व आशा भोसले यांनी गायिलेले, या संदर्भात स्वतंत्र विचारास पात्र आहे. चित्रपटात ते सत्तेच्या खेळाला लागून असलेल्या उपेक्षित जीवनाचा संदर्भ घेऊन येते. तेथे 'आम्ही' कोण हे दिसत असते. चित्रपटाबाहेर, ध्वनिमुद्रिकेवर आणि मैफलीत, तेच गीत ऐकताना तो संदर्भ सुटतो, आणि 'आम्ही' ही जागा ज्याला हवी त्याला घेता येते. ज्यांच्याविरुद्ध गीत लिहिले गेले असेल, तेही पहिल्या रांगेत बसून त्यास दाद देऊ शकतात. हा दोष कवीचा नव्हे, संगीतकाराचाही नव्हे; सुटे होऊ शकणाऱ्या गीताच्या प्रकृतीतच तो आहे. शाहिरास प्रत्येक प्रयोगात नव्याने सांधा जुळवावा लागे. मुद्रित गीताचा सांधा एकदाच जुळतो, आणि पुढे तो ऐकणाऱ्याच्या हाती जातो.

४

सांधा सुटल्यानंतर निषेधाच्या गीताचे काय होते, हा प्रश्न पुढील काळात दोन चित्रपटांनी स्वतःचा विषयच केला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा बोधपट आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा कथाचित्रपट, हे ते दोन होत. रूढ अर्थाने ते लोकप्रिय चित्रपट नव्हेत. परंतु दोहोंच्या केंद्रस्थानी लोकप्रिय गीत व त्याचा गायक आहे. म्हणून शाहिरीपासून निघालेला विचार येथे परत शाहिराकडे येतो.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला; त्यात दहा जण मृत्यू पावले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) या बोधपटात घोगरे यांचे गायन होते. डाव्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या या शाहिराने मृत्यूसमयी डोक्याला निळे फडके बांधले होते. हा वर्ग-जातीच्या नात्याविषयीचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात पटवर्धनांची चौदा वर्षे गेली. २०११ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटात वस्तुसत्याची बाजू भक्कम आहे : गोळीबाराच्या समर्थनार्थ दिल्या गेलेल्या कारणांची छाननी तो दृश्यांच्या आधारे करतो. परंतु त्याचे खरे बळ अन्यत्र आहे. वस्तीतील गायक-गायिका, पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले, त्यांची घरे, त्यांचे श्रोते, आणि या साऱ्यांविषयी तुच्छतेने बोलणारे शहरातील इतर नागरिक यांना तो एकाच पटावर आणतो. त्यामुळे गीत सुटे होत नाही. ते कोण गातो, कोठे गातो, त्याच्या घरात काय आहे, आणि गाण्याची किंमत त्याला काय मोजावी लागते, हे गीताबरोबरच दिसते. ही किंमत काल्पनिक नव्हती. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर खटले झाले. शीतल साठे व सचिन माळी यांनी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःस अटक करवून घेतली.

'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्यातील नारायण कांबळे हा वृद्ध लोकशाहीर कल्पित आहे. त्याची भूमिका करणारे वीरा साथीदार हे मात्र नागपूरचे कार्यकर्ते व 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक होते (त्यांचे २०२१ मध्ये निधन झाले). आणि त्याच्या मुखातील गीते संभाजी भगत या प्रत्यक्षातील शाहिराची आहेत. शाहिरावर आरोप असा की, त्याच्या गीतामुळे गटारसफाई करणाऱ्या एका कामगारास आत्महत्येची प्रेरणा मिळाली. न्यायालयात त्या कामगाराची विधवा साक्ष देते. तो आत उतरण्यापूर्वी दारू पीत असे, कारण त्यावाचून दुर्गंधी सोसणे शक्य नव्हते. त्याला संरक्षक साधने दिली जात नव्हती. गटारात प्राणवायू आहे की नाही हे तो आतील झुरळांच्या हालचालीवरून ओळखीत असे. ही साक्ष कोणत्याही आवेशावाचून, पगारपत्रक वाचावे तशी दिली जाते. सरकारी पक्षाला शाहिराच्या गीतात मृत्यूचे कारण दिसते; गटारात ते दिसत नाही. संरक्षणावाचून माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे हे लक्षात घेतले, म्हणजे आरोपी कोण असावयास हवा होता हे न सांगताच समजते.

या चित्रपटाची संबोधनाची दृष्टी त्याच्या न्यायालयाबाहेरील दृश्यांत प्रकट होते. शाहीर वस्तीत गातो. त्याचा सुखवस्तू वकील रात्री एका मद्यगृहात परभाषेतील गीत ऐकत बसतो. सरकारी वकील असलेली मध्यमवर्गीय स्त्री लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह एक मराठी नाटक पाहते. त्या नाटकात परप्रांतीय तरुणाचा पाणउतारा होतो आणि प्रेक्षागृह हास्याने व टाळ्यांनी भरून जाते. तेही नाटक एका परीने निषेधच करीत असते. 'आमच्यावर अन्याय झाला' असेच तेही म्हणते. परंतु त्याचा रोख स्वतःहून दुर्बलाकडे आहे, आणि टाळी वाजविणाऱ्यास त्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. त्या नाटकास कोणी न्यायालयात खेचीत नाही. पुढे भावना दुखावल्याचा दावा करणारा एक जमाव वकिलाच्या तोंडाला काळे फासतो; तोही निषेध म्हणवितो. एकाच शहरातील या निरनिराळ्या निषेधांस शेजारी शेजारी ठेवून चित्रपट प्रेक्षकासच विचारतो की, यांपैकी तुझा कोणता? तिकीट काढून आलेला प्रेक्षक बहुधा वस्तीतला नसतो. तो त्या मद्यगृहातला किंवा त्या नाट्यगृहातला असतो. चित्रपट त्याला त्याची जागा दाखवितो; परंतु रागावत नाही. सरकारी वकील स्त्रीही दुष्ट नाही. ती कष्टाळू गृहिणी आहे. अन्याय हा असा साध्या, कष्टाळू माणसांच्या हातून, कामकाजाच्या वेळेत होत असतो.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. संबोधनाचे सत्य हा निकष कलाकृतीच्या बाहेरील सामाजिक परिस्थितीवर अवलंबून असल्यामुळे तो वाङ्मयीन निकषच नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु वर पाहिलेल्या प्रत्येक उदाहरणात हे नाते रचनेतच आढळले आहे : छकडीत विरहाच्या आधी वा नंतर मागणी कोठे येते, 'सामना'त प्रश्नकर्ता कोणाच्या घरी जेवतो, 'दीवार'मधील कामगार कोणत्या प्रसंगानंतर दिसेनासे होतात, 'कोर्ट'मध्ये कोणत्या दृश्याशेजारी कोणते दृश्य ठेवले जाते. हे सर्व घटक रूपाचे आहेत. रूपाचा विचार सोडून निषेधाच्या सत्याचा निर्णय करताच येत नाही. उलट 'प्रचार' म्हणून जो विचार टाळला जातो, तो बहुधा रूपाचाच असतो.

या प्रश्नाचे महत्त्व अभ्यासाच्या खोलीपुरते राहिलेले नाही. 'कोर्ट'मधील सरकारी पक्ष शाहिराचे गीत वाचतो, ते पुरावा म्हणून वाचतो, आणि चुकीचे वाचतो. गीतातील 'मी' म्हणजे गाणारा, गीतातील क्रियापद म्हणजे आज्ञा, आणि गीताचा श्रोता म्हणजे ती आज्ञा पाळणारे यंत्र, अशी त्याची समजूत असते. काव्यातील निवेदक आणि कवी यांतील भेद, रूपक आणि विधान यांतील भेद, संबोधन आणि आदेश यांतील भेद या गोष्टी पदव्युत्तर वर्गात पहिल्या सत्रातच शिकविल्या जातात. त्या न कळल्यामुळे एक मनुष्य कारागृहात जाऊ शकतो, हे त्या चित्रपटाने दाखविले. जामिनावर सुटलेल्या नारायण कांबळेला पुन्हा अटक होते, आणि न्यायालय उन्हाळी सुट्टीसाठी बंद होते. ज्याच्या न्यायासनापुढे हे सारे घडले तो न्यायाधीश सहलीच्या ठिकाणी बाकावर डुलकी घेत असतो. मुले त्याला जागे करतात, आणि तो त्यांतील एकाला थप्पड मारतो.

लोकप्रिय कलेतील निषेधाला 'प्रचार' म्हणून बाजूस सारणारा टीकाकार आणि 'चिथावणी' म्हणून पकडणारा सरकारी वकील या दोघांत वाटते तेवढे अंतर नाही. दोघेही गीत ऐकण्याचे टाळतात. त्याला कोणी, कोणासाठी, कोणासमोर आणि कोणत्या किमतीवर गायिले हे विचारणे एवढेच वाङ्मयाच्या अभ्यासकास करता येण्यासारखे आहे. आणि ते त्याने केले पाहिजे.